दातांच्या डॉक्टरांचा सोफा

तिला सगळे मास्तरीण म्हणायचे. पाचवीत असताना बापाचा डबा द्यायला ती सोफ्याच्या कारखान्यात गेली आणि भर गिऱ्हाइकासमोर मालकाची कापडाच्या मापातली चूक काढून मोकळी झाली. गिऱ्हाईक हसलं, मालकानंही दात दाखवले, बापानं मात्र तिचा दंड धरून तिला घाईघाईनं बाहेर काढलं. त्या दिवसापासून कारखान्यात, गल्लीत आणि हळूहळू घरातही तिचं तेच नाव पडलं.

आता ती अठराची होती आणि बारावीला तिला शंभरात चौऱ्याण्णव मार्क पडले होते. शाळेत पहिली. मुख्याध्यापिकेनं पाठ थोपटली, फळ्यावर नाव लिहिलं, शेजारच्या काकूनं "हिचं डोकं गेलंय तरी कुणावर?" असं थेट आईलाच विचारलं. चार दिवस कौतुक झालं. पाचव्या दिवशी प्रश्न उभा राहिला, पुढे काय? पुढे कप्पाळ!

तिला रसायनशास्त्र शिकायचं होतं. उगाच नाही. बाप अठरा वर्षं फोम चिकटवायचं सोल्युशन हुंगत आला होता. संध्याकाळी घरी आला की अर्धा तास नुसता खोकायचा, आणि त्या सोल्युशनच्या डब्यावर आत काय आहे ते कधी लिहिलेलं नसायचं. लहानपणी तिनं विचारलं होतं, "बाबा, यात काय असतं?" तो म्हणाला, "चिकटपणा असतो." या उत्तरानं तिचं समाधान झालं नाही आणि नंतर शाळेतल्या कुणाच्या उत्तरानंही झालं नाही.

निकालाच्या दुसऱ्या दिवशी बापानं तिला समोर बसवलं. "मास्तरीण, शिकायला माझी ना नाही," तो जमिनीकडे बघत म्हणाला. "पण माझ्या खिशाकडे बघू नकोस. हात घातलास तर सरळ गुडघ्याला लागेल, एवढं भोक आहे." विनोद करायचा प्रयत्न होता. कुणी हसलं नाही. कारखान्यात त्याला पगार नव्हता, नगावर पैसे मिळायचे. सोफा झाला तर मिळाले, नाही तर नाही. आईचे गुडघे कामातून गेलेले, धाकटी सात वर्षांची. मास्तरीण "नाही बघणार" म्हणाली आणि तो विषय तिथंच मिटला.

मग तिचा शोध सुरू झाला. सकाळी सात ते दहा ती झेरॉक्सच्या दुकानात काम करायची. लोकांचे प्रवेशअर्ज, दाखले, गुणपत्रिका मशीनवर ठेवता ठेवता ती त्यातल्या अटी वाचून काढायची. दुकानदार ओरडायचा, "अगं, आपण कॉपी काढायचे पैसे घेतो, वाचायचे नाही! रांग बघ केवढी झालीय." ती "हो काका" म्हणायची आणि पुढचा कागद वाचायला घ्यायची.

वहीत अकरा कॉलेजांची नावं झाली. पहिल्याची फी बघून तिनं वहीच मिटून ठेवली. दुसऱ्याची जरा बरी होती, पण वसतिगृह फक्त मुलांसाठी. तिसऱ्याची फी इतकी कमी की ती हरखून गेली, आणि मग खाली बारीक अक्षरात प्रयोगशाळेचे वेगळे, परीक्षेचे वेगळे, विकासनिधी म्हणून आणखी वेगळे. कुणाचा विकास, ते काही लिहिलं नव्हतं. नुसता अर्ज विकत घ्या म्हणणारी चार निघाली. असं करत करत एकच नाव उरलं. तीन तासांवरच्या शहरातलं सरकारी कॉलेज, मुलींचं वसतिगृह, रसायनशास्त्राची चांगली प्रयोगशाळा. तिथल्या पहिल्या यादीत तिचं नावही लागलं. पुढच्या महिन्याच्या अखेरपर्यंत फी भरली तर जागा तिची, नाही तर खालच्या नावाची. फी इतरांच्या मानानं कमीच होती. पण कमी फी आणि बिनफी यांच्यात केवढं अंतर असतं, ते ज्याच्याकडे काहीच नसतं त्यालाच कळतं.

शिष्यवृत्त्यांची तर तऱ्हाच न्यारी. एकीला वडील सैन्यात हवे होते. एकीला उंच उडी यायला हवी होती. तिसरीची अट अशी, की आधी वर्षाची पूर्ण फी भरा, पावती जोडा, मग आम्ही पैसे देऊ. आता फी भरायला ज्याच्याकडे पैसे आहेत, तो तुमच्या दारात कशाला उभा राहील बाबांनो? मास्तरीणनं तो अर्ज चुरगाळला आणि लगेच पुन्हा सरळ केला. पाठीमागची बाजू कोरी होती.

शेवटी वाचनालयातल्या बाईंनी तिला हाक मारली. बाई तिला लहानपणापासून ओळखायच्या. बंद करायच्या वेळी "चल ऊठ, नाहीतर कुलूप लावून जाईन" म्हणायच्या आणि वर आणखी दहा मिनिटं बसू द्यायच्या. त्यांनी फळ्यावरचा एक कागद काढून तिच्या हातात दिला. "हा कागद तुझ्यासाठीच छापलाय बघ."

कुणा औषधवाल्याच्या नावानं चालणारा निधी होता. दर वर्षी बारा मुलं. तीन वर्षांची फी, वसतिगृह, पुस्तकं, सगळं. अटी दोनच. मार्क नव्वदच्या वर हवेत, आणि घरच्यांना खर्च झेपणारा नसावा. मास्तरीणनं कागद तीनदा वाचला, आणि तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. बाई म्हणाल्या, "रडतेस काय? भर आधी."

अर्जात मिळकतीचा पुरावा मागितला होता. बाप नगावर काम करणारा, त्याला कसला पुरावा? ती मालकाकडे गेली, तर मालक म्हणाला, "कागदावर कशाला आणायचं? विश्वासावर चाललंय ना सगळं?" विश्वासावर! म्हणजे त्याच्या सोयीवर. पण अर्जात सोय होती: पुरावा नसल्यास निधीचे प्रतिनिधी घरी भेट देतील आणि घराची परिस्थिती पाहून निर्णय घेतील. मास्तरीणला वाटलं, मग तर चिंताच मिटली. आपलं घर बघितल्यावर कुणाला पुरावा लागणार आहे?

आता इथं तिनं एक गोष्ट केली. ती आठवीत असताना शाळेतून फुकट बुटांचा अर्ज आला होता. तिनं तो बापापुढे ठेवला, आणि त्यानं वाचून त्याचे चार तुकडे केले. "माझी पोरगी फुकटचे बूट घालणार नाही. माझे हात धड आहेत अजून." मग त्याच हातांनी तिच्या जुन्या बुटांना सोल्युशननं तळ चिकटवून दिले. ते चार तुकडे ती विसरली नव्हती. म्हणून या वेळी तिनं बापाला एवढंच सांगितलं, की ही शिष्यवृत्ती हुशार मुलांसाठी आहे, सगळं मार्कांवर आहे. आणि सही करायला फक्त शेवटचं पान पुढे केलं. बाप हळूहळू वाचणारा. त्या पानावर वाचण्यासारखं फारसं नव्हतंच. त्यानं सही केली, वर सहीवर फुंकर मारली, आणि म्हणाला, "घे. तुझ्या मार्कांना माझी सही."

तीन आठवड्यांनी पत्र आलं. शनिवारी सकाळी अकरा वाजता घरभेट. जेवताना तिनं सांगितलं, "शनिवारी निधीच्या बाई येणार आहेत. घर बघायला."

बापाचा घास हातातच राहिला. "आपलं घर? ते कशाला बघायचं?"

हीच ती वेळ होती. तेव्हा तोंड उघडून सांगायला हवं होतं, की बाबा, आपण किती गरीब आहोत ते बघायला येतायत, आहे तसं राहू दे. एवढी बोलकी पोर, भर गिऱ्हाइकासमोर मालकाची चूक काढणारी, आणि बापासमोर तिची वाचा बसली.

"असंच," ती म्हणाली. "निवडलेल्या मुलांच्या घरी जातात. ओळख म्हणून."

बापानं खोलीभर नजर फिरवली. भिंतीला टेकवलेल्या गाद्यांच्या वळकट्या, पत्र्याची ट्रंक, मोरीपाशी गळक्या नळाखाली ठेवलेली बादली. एक खुर्ची होती, तिचा एक पाय तिसऱ्यांदा जोडलेला. "दुनियेचे सोफे शिवतो मी," तो पुटपुटला, "आणि माझ्या घरी आलेल्या माणसाला टेकायला जागा नाही." मास्तरीणनं त्याकडे लक्षही दिलं नाही.

शनिवारी सात वाजता ती झेरॉक्सच्या दुकानात गेली आणि सव्वादहाला परत आली. दारातच थबकली. तिला वाटलं, आपण चुकून दुसऱ्याच घरात शिरतोय.

समोर सोफा होता. तीन जणांचा मोठा आणि दोन सुटे, गर्द लाल मखमलीचे, लाकडी हातांना ताजं पॉलिश. ट्रंक गायब. वळकट्या गायब. मोरीपुढे पडदा, खिडकीला पडदा, दोन्ही एकाच कापडाचे. भिंतीवर काकूचं घड्याळ, फळीवर काकूचा काचेचा कपांचा सेट. मधे बाप उभा, अंगात धुवट पांढरा शर्ट, केस पाणी लावून बसवलेले.

"काय?" तो म्हणाला. "दिसतंय ना माणसाचं घर?"

"बाबा, हे कुणाचं आहे?"

"दातांच्या डॉक्टरांचं. काल रात्रीच पुरं झालं, सोमवारी पोचवायचंय. टेम्पोवाला आपलाच माणूस. दीड तासाचा तर प्रश्न आहे, लगेच परत नेऊन ठेवतो."

"मालकांना माहीत आहे?"

"मालक बाहेरगावी गेलाय. त्याला कशाला कळतंय?" तो हसला, पण आवाज जरा खाली आला. गेल्या वर्षी कारखान्यातल्या एका शिवणाऱ्यानं गिऱ्हाइकाची खुर्ची एका रात्रीपुरती घरी नेली होती, सासरे आले होते म्हणून. मालकाला कळलं, आणि त्याच दुपारी त्याला हिशेब न देता हाकललं. ही गोष्ट घरात सगळ्यांना ठाऊक होती.

मास्तरीण झटकन आत आली. "बाबा, हे आत्ताच्या आत्ता परत न्या. ऐका माझं. असं नकोय त्यांना—"

"कसं नकोय?"

"साधं. आपलं जसं आहे तसं."

"का गं?" बापाचा चेहरा बघता बघता उतरला. "आपलं जसं आहे तसं बघून तुझं नाव खोडलं तर? म्हणतील, ही कसली हुशार, हिच्या घरी बसायला पाट नाही. अगं, माणसं आधी घर बघतात, मग पोरीकडे बघतात. मला काय कळत नाही काय?" आणि मग अगदी हळू म्हणाला, "फी नाही देऊ शकत मी. एवढं तर करू दे."

यावर काय बोलायचं? तुम्हीच सांगा, काय बोलायचं? आई पडद्याआडून डोळ्यांनी खुणावत होती, गप्प बस. आणि तेवढ्यात दाराची कडी वाजली. निधीच्या बाई जवळजवळ अर्धा तास लवकर आल्या होत्या.

बाई तशा चांगल्या होत्या, तेच तर दुर्दैव. खांद्याला जड पिशवी, दमलेला चेहरा, हातात फाईल. "या, या, बसा," बाप म्हणाला, आणि बाई त्या लाल मखमलीत बसल्या. दिवसभर पायपीट करणारं माणूस मऊ जागी बसल्यावर जसा सुस्कारा टाकतं, तसा त्यांनी टाकला. "छान आहे हो सोफा."

"असू द्या," बाप म्हणाला. "पोरींसाठी केला. अभ्यासाला बसायला बरं पडतं."

"बरीच वर्षं झाली?"

"दोन होतील आता," बाप बेधडक म्हणाला. "आमच्या घरात वस्तू नीट वापरतात सगळे."

धाकटी कोपऱ्यात उभी होती. बाईंनी तिला जवळ बोलावलं, "ये ना, बस माझ्याजवळ." धाकटीनं मान हलवली. "मला नाही बसायचं. बसलं तर आई तंगडं मोडणार आहे." आई कसनुशी हसली. बाईही हसल्या. "शिस्त आहे तुमच्या घरात," त्या म्हणाल्या आणि फाईलमधे काहीतरी लिहिलं.

मास्तरीण भिंतीला पाठ लावून उभी होती. बाई विचारत होत्या, बाप उत्तरं देत होता. घरात कमावणारे किती? मी आहे ना खंबीर. काम नियमित असतं का? अठरा वर्षं झाली, एक दिवस रिकामा नाही बसलो. काही अडचणी? देवदयेनं काही नाही. प्रत्येक उत्तराबरोबर बाईंचं पेन हलत होतं आणि मास्तरीणला वाटत होतं, आत्ता पुढे होऊन सगळं सांगून टाकावं. एक वाक्य तर होतं. बाई, हा सोफा आमचा नाही. पण सांगायचं म्हणजे त्या धुवट शर्टातल्या माणसाला, तो खोटारडा आहे, असं परक्या बाईसमोर तोंडावर म्हणायचं. आणि तो इतका खूश दिसत होता! तिनं त्याला इतकं ताठ बसलेलं कधी पाहिलं नव्हतं. तिला त्याचा राग आला, भयंकर राग आला, आणि त्या रागातही त्याच्यावर माया दाटून आली.

"तुला काही सांगायचंय का गं?" शेवटी बाईंनी तिलाच विचारलं.

बाप तिच्याकडे बघत होता. ती म्हणाली, "नाही."

बाईंना कोपऱ्यापर्यंत पोचवताना तरी सांगू, असं तिनं मनाशी ठरवलं. ती चपला घालते न घालते तोच बाप म्हणाला, "थांब, मीच येतो, बाईंची पिशवी जड आहे." आणि पिशवी खांद्याला लावून तो त्यांच्याबरोबर रिक्षापर्यंत गेला, मास्तरीण मागोमाग. रिक्षात बसताना बाई मास्तरीणला म्हणाल्या, "नशीबवान आहेस हं. असे आईवडील सगळ्यांना मिळत नाहीत." बापानं ते वाक्य नीट ऐकून घेतलं. पुढचे कित्येक दिवस तो ते भेटेल त्याला सांगत होता.

फीच्या मुदतीला बारा दिवस उरले असताना पत्र आलं. तिनं ते पोस्टमनकडून गल्लीच्या तोंडाशीच घेतलं आणि तिथंच उभ्यानं फोडलं. गुणवत्तेबद्दल अभिनंदन होतं. आणि खाली, आर्थिक निकड आढळून न आल्यानं निधी आपली निवड करू शकत नाही. घराबद्दल एक ओळही होती: नीटनेटके, सुस्थितीतील. ती पत्र घेऊन तडक निधीच्या कचेरीत गेली. दोन बस बदलून, झेरॉक्सच्या दुकानात न कळवता.

बाई तिथंच होत्या. मास्तरीणनं खुर्चीवर बसायच्या आतच सगळं सांगून टाकलं, सोफा, डॉक्टर, टेम्पो, काकूचं घड्याळ. सांगता सांगता ती रडायला लागली आणि रडता रडता सांगत राहिली.

"तेव्हा का नाही बोललीस?" त्यांनी विचारलं. "मी तुला विचारलं होतं."

"बाबा होते समोर."

बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "माझा विश्वास आहे तुझ्यावर. पण माझ्या विश्वासावर समिती माझा अहवाल नाही फिरवणार. तुझ्या वडिलांनी स्वतःच्या तोंडानं मला सांगितलंय, सोफा आमचा, अडचण काही नाही. फेरविचाराचा अर्ज करता येतो. त्याला दोन कागद लागतील. एक तुझ्या वडिलांच्या सहीचा, की त्या दिवशीचं सामान आमचं नव्हतं. दुसरा त्यांच्या मालकाचा, की ते सामान कारखान्यातून नेलेलं गिऱ्हाइकाचं होतं. दहा दिवसांत आण. मी स्वतः बोलेन समितीशी."

"मालकांचा कागद नसला तर?"

"मग नुसतं तुमचंच म्हणणं उरतं गं. आणि तुमचं म्हणणं एकदा बदललंय."

बाईंनी छापील अर्ज दिला, पाणी दिलं, बसभाड्याचे पैसे द्यायला लागल्या. पैसे तिनं घेतले नाहीत. बापाचीच पोर ती.

अर्ज पाच दिवस तिच्या पिशवीत राहिला. पाच दिवस ती मनात जुळणी करत होती. मालकाला सांगितलं तर बापाची नोकरी जाते, आणि तिची शिष्यवृत्ती येते. ती जाईल तीन तास लांब, वसतिगृहात, प्रयोगशाळेत. आणि इथं बाप पन्नाशीला टेकलेला, छातीत खोकला, दुसरा कुठला कारखाना त्याला घेतोय? धाकटीचं काय? पण दुसऱ्या बाजूनं वाटायचं, मी का मरायचं? चौऱ्याण्णव मार्क मी पाडलेत, जिवाचं रान मी केलंय, आणि त्याच्या दीड तासाच्या तोऱ्यासाठी मी आयुष्यभर दुसऱ्यांचे अर्ज मशीनवर ठेवत बसायचं? मग आठवायचं, की पहिलं खोटं आपणच बोललो. मार्कांवर आहे म्हणालो. ओळख म्हणून येतात म्हणालो. त्याला खरं सांगितलं असतं तर त्यानं फार तर अर्ज फाडला असता. नवा आणता आला असता.

सहाव्या दिवशी तिनं ठरवलं, की निदान बापाला तरी सांगायचं. मालकाचं काय करायचं ते दोघं मिळून ठरवू. त्याला कळू दे तरी. दुपारी जेवणाच्या सुट्टीआधी ती कारखान्यात गेली.

शेडमधे सोल्युशनचा वास कोंडला होता. बाप एका खुर्चीची बैठक ठोकत होता. ओठांत छोटे खिळे धरलेले, एकेक जिभेनं पुढे काढायचा आणि हातोडीनं बसवायचा. बाकीचे तिघे शिवणारे मशीनपाशी. मालक स्टुलावर चहा पीत बसलेला. तिला बघताच बापानं तोंडातले खिळे हातावर घेतले.

"मास्तरीण! कागद आला काय?" त्याची नजर तिच्या पिशवीवर होती.

"बाबा, जरा बाहेर या ना. बोलायचंय."

"बाहेर कशाला? इथंच सांग. अरे, सगळे वाट बघतायत तुझ्या निकालाची. मी यांना रोज सांगतोय, बाई काय म्हणाल्या ते." मशीनं थांबली. एक शिवणारा म्हणाला, "पेढे कुठायत पण? रिकाम्या हातानं आलीस होय गं!" मालकानंही कप खाली ठेवला. "सांग की. चौऱ्याण्णववाली पोर आहे आमच्या कारखान्याची. माझीसुद्धा चूक काढलीय हिनं."

"बाबा, दोन मिनिटं."

"अगं, सांग ना! लाजतेस काय?"

बाप हसत होता. हातावर खिळे, कपाळावर घाम, आणि चेहऱ्यावर ते सोफ्यावर बसल्या दिवशीचं सुख. मास्तरीणनं मालकाकडे बघितलं. मग त्या शिवणाऱ्याच्या मशीनकडे बघितलं, ज्याच्यावर गेल्या वर्षीपर्यंत दुसराच माणूस बसायचा. पिशवीचा बंद तिच्या मुठीत आवळला गेला.

"नाही मिळाली," ती म्हणाली.

बापानं हळूच विचारलं, "का?"

"मार्क कमी पडले."

"चौऱ्याण्णव?" मालक म्हणाला. "चौऱ्याण्णव कमी पडतात?"

"बाकीच्यांना जास्त होते."

बाप खाली बघत राहिला. निकालापासून त्यानं हे मार्क गल्लीत, कारखान्यात, टेम्पोवाल्याला, चहावाल्याला सांगितले होते, आणि आता ते सगळ्यांसमोर कमी पडले होते. मग त्यानं एकदम मान वर केली.

"घराचं काही लिहिलंय का त्यात?"

"लिहिलंय," मास्तरीण म्हणाली. "घर चांगलं आहे म्हणून लिहिलंय."

"बघा!" बाप सगळ्यांकडे वळून म्हणाला. त्याच्या आवाजात सुटकेचा श्वास होता. "मला वाटलंच होतं. म्हणजे आमच्या बाजूनं आम्ही काही कमी केलं नाही." मग तो उठून तिच्याजवळ आला, तिच्या डोक्यावर हात ठेवला, आणि फक्त तिलाच ऐकू जाईल अशा बेतानं, अगदी मायेनं म्हणाला, "थोडा अजून अभ्यास करायला हवा होतास गं."

"हो बाबा," ती म्हणाली.